नावं ठेवायला एक जागा

सुहास सर काल गेले. जायच्या आधी, भेटायला आलेल्या प्रत्येकाला गंडवून गेले.

फक्त मला सोडून. निदान आज सकाळपर्यंत मी असंच समजत होते.

खराडीत काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या, तेव्हा तिथे सरांचा डिझाइन स्टुडिओ होता. मिक्सर, इस्त्री, वॉटर फिल्टर कसे दिसावेत हे आम्ही कंपन्यांना करून द्यायचो. माझी पहिली नोकरी.

कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल पूर्ण तयार व्हायचं. अगदी स्क्रूसकट. रेंडर, म्हणजे त्याचं तयार चित्र, इतकं चकचकीत की फोटोच वाटावा.

मग सर म्हणायचे, छान, आता हे बिघडव.

म्हणजे त्याचं पेन्सिल स्केच करायचं. रेघा कोपऱ्याबाहेर जरा पळवायच्या. एखादी रेघ दोनदा ओढल्यासारखी. मागे खऱ्या कागदाचं टेक्श्चर, कडेला चहाच्या कपाचा डाग. तोही स्कॅन केलेला. सगळ्या क्लायंटना वर्षानुवर्षं तोच एक डाग जायचा.

क्लायंटला वाटायचं, वा, सरांनी स्वतः हाताने काढलंय, अजून काहीच ठरलेलं नाही.

मी सदाशिव पेठेतली. दूधवाला "ताजं आहे" म्हणाला की आमच्याकडे आधी "मग कालचं कुठे गेलं?" विचारतात. मी सरळ विचारलं, सर, ही फसवणूक नाही का?

"तयार वस्तू बघून माणूस गप्प होतो गं. कच्चं दाखवलं की बोलायला लागतो."

खरी मेख पुढेच होती. प्रत्येक स्केचमध्ये सर मुद्दाम एक चूक ठेवायचे. बहुतेक वेळा हँडल. बघताक्षणी डोळ्यात खुपेल असं काडीएवढं.

"नावं ठेवायला एक जागा सोडायची. माणूस तिथेच अडकतो आणि बाकीचं पास करतो."

क्लायंट म्हणायचा, हँडल जरा जाड करा की. सर मान डोलवून म्हणायचे, गुड पॉइंट. जाड हँडलचं मॉडेल आधीच तयार असायचं. क्लायंट खुशीत घरी.

तेव्हापासून कोणी काही कच्चं दाखवलं की मी खाली पक्कं शोधते. डॉक्टर, बिल्डर, नवरा, कोणीही सुटत नाही.

दिवाळीनंतर कळलं, सरांना बरं नाही. येरवड्याच्या फ्लॅटवर गेले. हॉलमध्ये हॉस्पिटलची चाकांची कॉट, त्यावर सर, एकदम मजेत.

"अजून काही फायनल नाही गं. डॉक्टरांचं चाललंय, हे करून बघू, ते करून बघू."

माझ्या मनात पाल चुकचुकली.

कारण कॉट उलटी होती. खिडकीकडे पाठ आणि तोंड कोऱ्या भिंतीकडे. लेबल केसभर तिरकं लागलं तर दिवसभर टोमणे मारणारा हा माणूस असा झोपेल?

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे एक काका आले. आल्या आल्या म्हणाले, अहो, खिडकीकडे तोंड करा, झाडं दिसतील, बरं वाटेल.

सर म्हणाले, गुड पॉइंट.

काकांनी स्वतः कॉट फिरवली, दोन मिनिटं झाडांचं कौतुक केलं आणि समाधानाने गेले. रिपोर्टचं एका शब्दाने विचारलं नाही.

काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, चहा करायला आत होत्या. मी हळूच म्हटलं, "सर, मॉडेल तयार आहे ना?"

"आहे. स्क्रूसकट."

मग आतल्या दिशेने मान करून, तिला नको सांगूस, असं खुणेनेच सांगितलं.

मला भयंकर राग आला. रडू नंतर आलं, लिफ्टमध्ये.

निघताना काकू दाराशी म्हणाल्या, भेटायला येणारा माणूस गेला की कॉट परत भिंतीकडे करायला लावतात. रोज. काय वेड आहे कोण जाणे. मला वाटलं, बिचाऱ्या काकू.

आज सकाळी मी गेले तर रिकामी कॉट खिडकीकडे तोंड करून होती. मी बघतेय हे काकूंनी पाहिलं.

"मला कळत नव्हतं होय? इतकी वर्षं मिक्सरच्या हँडलच्या गोष्टी ऐकल्यात. त्यांना बरं वाटायचं, म्हणून मी फिरवत होते."

मग म्हणाल्या, "काल सकाळी मीच म्हटलं, आता राहू दे खिडकीकडे. तर म्हणाले, गुड पॉइंट."

भावपूर्ण वगैरे शब्द तुम्ही पास केले नसतेत, म्हणून लिहीत नाही.

बरं, या सर.