जखमेतले खवले

मासळी घेताना मी आजही आधी तिच्या पाठीवर अंगठा दाबून पाहतो. आतला काटा तुटलेला लागला, की मासा पाटीत परत ठेवतो आणि चालू लागतो. बाजारातल्या कोळणी मला खडूस म्हणतात, म्हणोत बापड्या. ही खोड मला ऐंशीच्या दशकात, मुलुंडला नोकरीवर असताना एका प्रकरणाने लावली.

आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत खाडीकाठी छोटा कोळीवाडा होता. आषाढ लागला की नारळी पौर्णिमेपर्यंत खाडीत जाळं टाकायचं नाही, हा तिथला जुना नियम. त्या दिवसांत मासळी गाभोळीने भरलेली असते. तिला अंडी घालू दिली तरच पुढे वर्षभर चूल पेटते, इतका तो सरळ मामला. नियम राखायला वाड्याचा म्होरक्या होता. साठीचा, ताठ, आवाजात जरब. त्याच्यापुढे आमचे हवालदारसुद्धा टोपी सारखी करून उभे राहत.

त्या पावसाळ्यात वाड्यातली एक विधवा बाई ठाण्यात आली. घरात खायला नव्हतं म्हणून तिने बंदीत जाळं टाकलं होतं, आणि म्होरक्याने ते सगळ्यांदेखत जाळून टाकलं होतं. "सायब, जालं गेलं म्हंजी माजं हातच गेलं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी अदखलपात्र गुन्हा नोंदवला आणि म्होरक्याला बोलावून घेतलं.

तो शांतपणे म्हणाला, "सायब, आज हिला सोरली तर उद्या समदेच खाडीत उतरतील. मंग ऱ्हाईल काय?"

खरं सांगतो, मला त्याचं कौतुक वाटलं. जाताना त्याने स्वतःचीही एक तक्रार दिली. खाडीत अधूनमधून धडाके ऐकू येतात, पलीकडच्या काठचे लोक सुरुंगाने मासे मारतात, पोलिसांनी बंदोबस्त करावा. मी ती ठाणे डायरीत घेतली.

थोड्याच दिवसांत पालिका रुग्णालयात ड्यूटीवर असलेल्या आमच्या हवालदाराचा फोन आला.

"साहेब, कोळीवाड्यातला माणूस आलाय. उजवा पंजा पार गेलाय. स्टो फुटला म्हणतो."

त्या काळी दर दुसऱ्या भानगडीत स्टोच फुटायचा. मी विचारलं, "मग?"

"घासलेटाचा वास कुठाय, साहेब? आणि डॉक्टरने जखमेतून काय काढलं माहितेय? माशाचे खवले!"

जखमी माणूस म्होरक्याचाच मुलगा निघाला. चांगला तिशीतला, बायकामुलांचा धनी. डॉक्टरांच्या परवानगीने मी खाटेशेजारी स्टूल ओढून बसलो. कुठला स्टो, कोणाच्या घरचा, शेजारी कोण होतं, सगळं विचारून झालं. तो भिंतीकडे तोंड करून "स्टो" एवढंच म्हणत राहिला. त्याला कोणाची तरी भीती होती, आणि ती पोलिसांची नव्हती.

मासे मारायचा सुरुंगच हातात फुटला होता, हे उघड होतं. पण जिलेटिनच्या कांड्या दगडखाणीशिवाय येणार कुठून? हवालदाराला घेऊन मी डोंगराकडच्या खाणीवर गेलो. तिथल्या सुरुंगवाल्याने कानावर हात ठेवले. सगळ्या कांड्या दगडातच जातात, म्हणाला. मात्र त्याच्या झोपडीच्या दारात त्याची बायको खाडीतली बोय मासळी साफ करत होती, आणि बाजूला गाभोळीचा ढीग पडला होता. ऐन बंदीत! मी एक मासा उचलला. अंगावर जाळ्याची खूण नाही, गळाची नाही. पाठीवर अंगठा दाबला तर आतला काटा सुरुंगाच्या धक्क्याने ठिकठिकाणी तुटलेला.

"ही कोणी दिली रे?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब, कांड्यांच्या बदल्यात मासळी मिळते. पंजा गेला त्या पोराने नाही, त्याच्या बापाने ठरवलं. म्हातारा स्वतः येतो न्यायला."

माझा विश्वास बसेना. मी त्याला तीनदा वर्णन विचारलं. तिन्ही वेळा तोच म्होरक्या, धडाक्यांची तक्रार देणारा!

ठाण्यात आणल्यावर म्होरक्याने काहीच नाकारलं नाही. ती विधवा बाईही जबाबासाठी आलेली होती, कोपऱ्यातल्या बाकावर बसून ऐकत होती.

"खाडीत लाल फरकी बांधलेलं खुंट पायलंस ना, सायब?" तो म्हणाला. "मापवालं ठोकून गेलं. खाडी भरनार, बिल्डिंगी येनार. मंग पिलं राखायची कोनासाठी? जे हाय ते आताच घेतलेलं बरं."

बाई उठून त्याच्यासमोर आली. "मामा, तुला ठावं व्हतं खाडी जानार, मंग माजं जालं का जाललंस?"

तो खाली बघत म्हणाला, "समदेच उतरलं असतं, तर माज्या वाट्याला काय आलं असतं?"

मी दरोडेखोरांचे कबुलीजबाब घेतलेत, खुन्यांचे घेतलेत. पण त्या वाक्याने मला जसा धक्का बसला तसा कधी बसला नाही. नियमावरचा विश्वास उडाल्यावरही त्याने तो उठवला नव्हता. इतरांना काठावर थोपवून ठेवायला त्याने तो जपून ठेवला होता. बाई बाकावर जाऊन बसली. मी ते वाक्य जबाबात जसंच्या तसं उतरवून घेतलं.

स्फोटकांच्या गुन्ह्यात बापलेक आणि सुरुंगवाला, तिघांनाही शिक्षा झाली. वाड्याने वर्गणी काढून बाईला नवं जाळं दिलं. त्या प्रकरणानंतर मी एक शिकलो. फार कडक राखणदार दिसला, की तो काय राखतोय एवढंच मी बघत नाही, कोणासाठी राखतोय हेही विचारतो.

निवृत्तीच्या आधी एकदा मुद्दाम त्या काठावर गेलो होतो. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. तिथे भरणी झालीच नव्हती. फडकी केव्हाच कुजून गेली होती, खुंट मात्र चिखलात तसेच उभे होते, आणि त्यांतल्याच एकाला बाईने आपलं जाळं बांधलं होतं. तिने मला ओळखलं, पाटी पुढे केली.

"बोय घे, सायब. दाबून बग, काटा साबूत हाय."

मी घेतली. दाबून पाहिली नाही.