नणंदबाईंचे दगड, समुद्र आणि माझी जळजळ

आमच्या घरात किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. नणंद कॉलेजातून पिशव्या भरभरून दगड आणते, त्यांच्या मागोमाग किस्से येतात. दगड निदान पोत्यात भरून पडवीत ठेवता येतात. किस्स्यांचं काय करायचं? आठवले की हसू येतं, आणि पोटात जळतं पण!

आधी माणसं सांगते. नणंद म्हणजे अश्विनी. दिंडोरीकडच्या आमच्या गावातून रोज एसटीने गंगापूर रोडच्या कॉलेजात जाते. जिऑलॉजी शिकते, म्हणजे जमिनीचं, दगडांचं शास्त्र. आता शेवटचं वर्ष संपलं. पुढे तिला गोव्याला जाऊन समुद्राचं एम.एस्सी. करायचंय. नंबरही लागलाय. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, म्हणतात, "दगड झाले, आता समुद्र! लगीन कधी करायचं?"

आणि मी? आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा लांब, म्हणून मला घरी बसवलं. त्यामुळे या भांडणात मी कुणाच्या बाजूने, ते विचारू नका.

*

दिवाळीची गोष्ट. दारात मी मोराची रांगोळी काढली होती. दोन तास कंबर वाकवून! पिसाऱ्यातला एकेक डोळा वेगळ्या रंगाचा. अश्विनी आली, खिशातून ड्रॉपरची छोटी बाटली काढली आणि मोराच्या पायापाशी दोन थेंब टाकले. रांगोळी फसफसायला लागली!

मी ओरडले, "अगं, काय टाकलंस?"

"पातळ ॲसिड आहे वहिनी. बघ कसा बुडबुडा येतो! तुझी रांगोळी एकदम ओरिजिनल आहे, शिरगोळ्याच्या दगडाची. भेसळ असती तर अशी फसफसली नसती."

शेजारच्या चार बाया धावत आल्या. "अजून टाक गं, अजून टाक!" करत त्यांनी मोराचे दोन्ही पाय संपवले. सगळ्या जणी बुडबुडे बघत होत्या. पिसाऱ्याकडे एकीनंसुद्धा बघितलं नाही!

*

एकदा कॉलेजची ट्रिप गेली. ट्रिप म्हणजे दिवसभर उन्हात डोंगर चढायचा आणि हातोडीनं दगड फोडायचे. यायच्या वेळी अश्विनीने वीस-पंचवीस तुकडे आणले आणि मोरीजवळ ठेवून झोपून गेली. चिखलाने भरलेले, त्यावर मार्करने काहीतरी खरडलेलं. माझी ओवी चार वर्षांची, दिसेल ते तोंडात घालते. मला धडकी भरली. म्हटलं, निदान धुऊन तरी ठेवू. काथ्या आणि भांड्यांचा साबण घेऊन एकेक घासला. असे चकचकीत निघाले की दागिन्यासारखे!

अश्विनी उठली आणि एकेक दगड उलटासुलटा करून बघायला लागली. "वहिनी, नंबर कुठे गेले? कुठला दगड कुठून उचलला ते त्या नंबरावरून कळतं!"

बिचारी रडत रडत पिशवी घेऊन कॉलेजात गेली. संध्याकाळी हसत आली. म्हणाली, "सरांनी दगड बघितले. म्हणाले, नंबर पुन्हा टाकू, पण इतके स्वच्छ सॅम्पल लॅबमध्ये आजवर आले नाहीत. वहिनींना इकडेच पाठवा!"

दोन दिवस मी लय खुशीत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, मला बोलावलंय ते धुवायला!

*

मनमाडचं एक स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, घरचं चांगलं. मुलाच्या आईने पोह्याची बशी हातात घेतली आणि विचारलं, "दगडाचं शिकून पुढे काय होतं?"

अश्विनीने बोटं मोजायला सुरुवात केली. "जमिनीतल्या पाण्याचा सर्व्हे करता येतो. धरणाच्या, बोगद्याच्या कामावर घेतात. खाणीत, तेलाच्या कंपनीत नोकरी असते. सरकारी परीक्षा असते. सॅटेलाइटचे फोटो बघून नकाशे करायचं काम असतं. आणि समुद्राचं शिकलं तर जहाजावर जाऊन समुद्राच्या तळाची माती काढता येते."

"आणि घरी कधी येणार?"

तेवढ्यात मुलाचे काका पुढे सरकले. "ताई, आमच्या मळ्यात दोन बोअर कोरडे गेले. तिसरा कुठे घ्यावा?" अश्विनीने कागद मागितला. काकांनी विहीर कुठे, ओढा कुठे ते काढून दाखवलं. अर्धा तास दोघं कागदावर वाकून बसली. नवरा मुलगा बाजूला पोहे खात राहिला.

आठवड्याने निरोप आला, मुलगी नको. त्यानंतर तिसऱ्या दिवशी काकांचा फोन, "ताई, त्या ओढ्याच्या डाव्या हाताला म्हणाला होतात की उजव्या?"

मला बघायला आले होते तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, "भाकरी गोल येते ना?"

*

कॉलेजात करिअर गायडन्सचा कार्यक्रम होता, पालकांना बोलावलं होतं. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, अण्णा रागात, म्हणून पालक म्हणून गेले मी! ओवी कडेवर. स्टेजवर एक मॅडम होत्या, समुद्रावर काम केलेल्या. जहाज दोन-दोन महिने किनाऱ्याला लागत नाही म्हणाल्या. लाटेने जेवणाचं ताट सरकू नये म्हणून टेबलाला कड असते. शेवटी म्हणाल्या, "कुणाला काही विचारायचंय?"

मला राहवलं नाही. हात वर केला. "मॅडम, बाळ लहान असलं तर जहाजावर त्याचं काय करायचं?"

पोरं फिदीफिदी हसली. मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, "फार बरोबर प्रश्न आहे. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. ती माझ्या वहिनीकडे राहिली. वहिनी होत्या म्हणून मी जाऊ शकले."

हॉलमध्ये टाळ्याच टाळ्या! अश्विनीने माझा हात घट्ट धरला. मी मनात म्हटलं, वा! म्हणजे समुद्रात जायचं एकीने आणि घरचा संसार वहिनीनंच बघायचा! त्या वहिनीला कुणी स्टेजवर बोलावलं नव्हतं.

*

ओवीच्या बालवाडीत बाईंनी मुलांना विचारलं, घरी कोण काय करतं? मी दारातच उभी होते. ओवी उठली. "माझी आत्या दगड फोडते. मग ती समुद्रात जाणार. मी पण जाणार."

बाई म्हणाल्या, "अरे वा! आणि आई काय करते?"

ओवीने बराच विचार केला. "आई आत्याचा डबा करते."

त्या दिवशी आत्याच्या डब्यात भाजी अळणी गेली. चुकून नव्हे!

*

आता शेवटचा.

यंदा उन्हाळ्यात द्राक्षबागेची विहीर आटली. अण्णांनी बोअर घ्यायचं ठरवलं आणि किसनबाबांना बोलावलं. किसनबाबा म्हणजे आमच्याकडचे पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतात फिरतात. नारळ उभा राहिला की खाली पाणी. वरच्या बांधाजवळ नारळ उभा राहिला. बाबांनी तिथं चुन्याची फुली मारली.

अश्विनीने कॉलेजातून मशीन आणलं. मातीत चार सळया ठोकल्या, वायरी जोडल्या, दिवसभर आकडे लिहिले आणि खालच्या कोपऱ्यात दुसरी फुली मारली. "अण्णा, वर कातळ आहे. पाणी इथं आहे."

अण्णांनी फर्मान सोडलं, "पहिला बोअर बाबांच्या फुलीवर. तिथं पाणी लागलं की समुद्र इसरायचा आणि मी आणीन त्या पोराला हो म्हणायचं. नाय लागलं तर तुझी जागा बघू."

अश्विनीचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगते, मला आतून बरं वाटलं. सकाळी देवापुढे हात जोडले तेव्हा नारळाचंच म्हणणं खरं होऊ दे असं म्हणाले. मागितलं ते मागितलं, लपवून काय करू?

बोअरची गाडी आली. अर्धं गाव जमलं. आमच्याकडे बोअर घ्यायच्या आधी घरच्या सवाष्णीने जागेची पूजा करायची असते. सासूबाईंनी ताट माझ्या हातात दिलं. ओवी आत्याच्या कडेवर होती, "आपण समुद्रात कधी जायचं?" विचारत होती. अण्णांनी वरच्या बांधाकडे बोट केलं. "हां सूनबाई, घे उरकून."

मी ताट घेऊन निघाले. बांधाकडे वळायच्या जागी वळलेच नाही. सरळ खालच्या कोपऱ्यात गेले, बसले, हळद-कुंकू वाहिलं आणि नारळ फोडला.

"अगं ए! जागा चुकली!" अण्णा ओरडत आले. गाडीवाल्याला म्हणाले, "तू वर चल."

गाडीवाला जागचा हलेना. "नाय अण्णा. पूजा झालेली जागा टाकून दुसरीकडं मशीन लावत नाय मी. आमच्या धंद्यात चालत नाय ते."

किसनबाबा तोंडातल्या तोंडात पुटपुटत निघून गेले. मशीन सुरू झालं. शंभर फूट, नुसता पांढरा धुरळा. दीडशे, तरी धुरळाच. सगळं गाव माझ्याकडे बघतंय. अश्विनीने माझ्या पदराचं टोक मुठीत धरलेलं.

दोनशेच्या पुढे धुरळा ओला झाला. मग चिखल उडाला. मग जे पाणी उसळलं, ते गाडीच्या टपावर! पोरंटोरं नाचायला लागली. अश्विनी ओवीला घेऊन पाण्याखाली उभी. दोघी चिखलाने माखलेल्या, ओळखू येईनात.

अण्णांनी टोपी काढून झटकली. मग माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, खरं सांग. जागा चुकली का मुद्दाम केलंस?"

मी रिकामं ताट पदराने पुसलं. म्हटलं, "अण्णा, गोव्याला पाऊस लय असतो म्हणतात. माझी जुनी छत्री देते तिला. नवी देणार नाही!"