तळहातावरची स्कॉच

मुलीच्या लग्नानंतरचा पहिला दिवाळसण तीन आठवड्यांवर आला होता. जावई बोटीवर इंजिनिअर. नुकतेच सुट्टीवर आलेले. ते दिवाळीलाच पनवेलला यायचे होते, पण मुलगी मधल्या एका रविवारी एकटीच आली आणि पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढून माझ्या हातात दिली. "ह्यांनी तुमच्यासाठी आणलीय. आत्ताच ठेवून घ्या, घरी सासूबाईंना दिसायला नको."

मी दर शनिवारी एक पेग घेतो, तीस मिली, मोजून. हे मुलीने नवऱ्याला सांगितलं असणार. सिंगापूरच्या विमानतळावर पासष्ट डॉलर पडले म्हणाली. डॉलर तेव्हा एकतीसच्या आसपास होता. म्हणजे दोन हजार पंधरा रुपये, पेगला ऐंशी रुपये साठ पैसे. माझा नेहमीचा पेग सहा रुपयांना पडत असे.

त्याच संध्याकाळी मी ती फोडली. फोडली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. रंग काकवीसारखा गडद. वास काळ्या मनुकांचा, त्यामागे लवंग आणि वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा. जिभेवर आधी गोडसर वाटली, मग एकदम कोरडी झाली, जुन्या लाकडी कपाटात तोंड घातल्यासारखी. वाईट नव्हती. पण व्हिस्की अशी लागते हे मला ठाऊक नव्हतं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त सुभेदार राहायचे. मिलिटरी कँटीनचं कार्ड असल्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये दारूबाबत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांना बोलावलं. त्यांनी बाटली ट्यूबलाइटखाली धरली आणि मान हलवली.

"स्कॉच सोनेरी असते, साहेब. हा तर कोरा चहा. जळकी साखर आणि बेदाणे घातलेत."

मी त्यांना लेबल दाखवलं. शेरीच्या पिंपात अठरा वर्षं ठेवलेली, असं त्यावर छापलं होतं. शब्दकोशात शेरी म्हणजे एक प्रकारची वाईन, हे मी आधीच पाहून ठेवलं होतं.

"बघा! वाईन मिसळलीय हे त्यांनीच लिहून दिलंय," सुभेदार म्हणाले. मग आवाज खाली आणून, "एक तर जावयाला कुणीतरी बनवलंय, नाहीतर जावयाने तुम्हाला."

ते हसत बोलले, पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. लग्नाला सहा महिने झाले होते आणि त्यातले पाच जावई समुद्रावर. माणूस कसा आहे हे मला कळायचं होतं, आणि हातात पुरावा म्हणून एवढी एक बाटली. बायकोला सांगितलं तर ती चिडली. "जावयाच्या बाटलीची कसली परीक्षा घेता? दिवाळसणाला तोंड वाकडं करून बसलात तर पोरीला काय वाटेल?"

तोंड वाकडं करायचं नव्हतं म्हणूनच तर परीक्षा हवी होती.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळत असे. रीतसर चिठ्ठी देऊन हायड्रोमीटर घरी आणला, मोजनळीत व्हिस्की ओतली, आकडा घेतला आणि परत बाटलीत भरली. अल्कोहोल लेबलाप्रमाणे होतं. पण तेवढं तर साध्या स्पिरिटमध्ये पाणी घालूनही जमवता येतं.

मग मी नक्कल करायची ठरवली. माझ्या नेहमीच्या व्हिस्कीत बारा काळ्या मनुका आणि अर्धा चमचा जाळलेली साखर घालून आठ दिवस ठेवली. फडक्यातून गाळली. रंग हुबेहूब. एकसारख्या दोन पेल्यांच्या बुडाला चिठ्ठ्या लावून सुभेदारांपुढे ठेवले. त्यांनी दोन्ही चाखले, डोळे मिटले आणि मनुकांच्या पेल्यावर बोट ठेवलं. "ही खरी."

मी चिठ्ठी दाखवली. ते जराही ओशाळले नाहीत. "म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात होते तीच जावयाने दोन हजाराला आणली!"

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी टेबलावर दोन्ही पेले घेऊन बसलो होतो. करंजाहून एसटीने येणारी आमची कोळीण दारात पाटी उतरवत होती. तिने आत डोकावून पाहिलं.

"काय भाऊ, सकाली सकाली? वयनी, लक्ष कुठं हाय तुमचं?"

बायकोने वैतागून सगळी हकिकत सांगितली. कोळीण हसली नाही. "आमच्या गावात हलदीला बाटली आली का पयली माज्याकडं आनतात. भेसलीची असली तर मांडवात मानसं आजारी पडतील. आना इकडं." मग स्वतःच थांबली. "माज्या हाताला बोंबील बसलाय, चालीस वर्सांचा. वयनी, तुमचा हात द्या."

बायको चकल्या तळत होती. कढई खाली उतरली. कोळणीने तिला बेसन लावून हात धुवायला लावले, पुसून कोरडे करायला लावले. मग उजव्या तळहातावर जावयांच्या बाटलीतले चार थेंब, डाव्यावर माझ्या नकलेचे. "घासा. आता धा मिन्टं काय धरू नका."

जिने जन्मात दारूला हात लावला नव्हता ती माझी बायको दोन्ही पंजे उघडे धरून खुर्चीवर बसली. कोळीण तोवर पापलेटाचा भाव सांगत होती आणि बायको हात न हलवता मानेनेच घासाघीस करत होती. दहा मिनिटं मी घड्याळावर मोजली.

"वास घ्या."

बायकोने डावा हुंगला. "शी! दवाखाना. आणि चिकट लागतंय." उजवा हुंगला, पुन्हा हुंगला. "हा कोरडा आहे. मनुका आहेत, पण लाकूडही आहे."

"घातलेला वास उडतो, साखर तेवढी ऱ्हाते," कोळीण पाटी उचलत म्हणाली. "ही मुरलेली हाय, भाऊ. जावयाला नावं ठेवू नका."

इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढून मला चिकटपणा तपासायचं सुचलं नव्हतं. नंतर दोन्हींचे पाच पाच मिली बशीत आटवून पाहिले. माझ्या बशीत पाक उरला. त्यांच्या बशीत डाग तेवढा.

पाडव्याला जावई आले. ओवाळणं झालं, जेवणं झाली. बाटली काढली तेव्हा त्यांची नजर कमी झालेल्या पातळीवर गेली. मी सरळ सांगून टाकलं, "जावईबापू, मला शंका आली होती. मी तपासली, शेवटी हिच्या तळहातांवर घासून. पंचाण्णव मिली त्यात गेली. माल खरा आहे. शंका घेतली, ते माझं चुकलं."

मुलीने कपाळाला हात लावला. जावई खो खो हसत सुटले. "बाबा, मला तर त्या दिवसापासून धाकधूक होती. मी घेत नाही. दुकानदार म्हणाला ही भारी. रंग बघून मी त्याला दोनदा विचारलं, करपली तर नाही ना?" मग जरा सावरून, "पण पैसे वसूल आहेत का?"

"माझ्या नेहमीच्या पेगाच्या तिप्पट चांगली आहे," मी म्हणालो. "किंमत तेरापट आहे. पुढच्या वेळी इतके घालवू नका."

"बाबा!" मुलगी ओरडली.

जावयांनी मात्र बाही सारून हात पुढे केला. "मग निदान वास तरी घेऊ द्या."

मी चार थेंब टाकले. त्यांनी तळहात घासले आणि लगेच नाकाशी न्यायला लागले, तशी बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "थांबा, थांबा! दहा मिनिटं कशाला हात लावू नका." जावई पंजे उघडे ठेवून सोफ्यावर ताठ बसले आणि मी त्यांच्यासमोर माझा पेग ओतला. तीस मिली, मोजून.