दारावरची बेबी

पन्नाशी उलटली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी घरात तिचं नाव बेबीच. लग्न करून गेली होती, वर्षाच्या आत परत आली. ती कथा निराळी, आणि ती कुणी काढलेली बेबीला आवडत नाही. तेव्हापासून आई आणि बेबी, दोघींचंच घर. लेबलं छापणाऱ्या एका छापखान्यात बेबी कामाला. छापून आलेलं लेबल डोळ्यांखालून घालायचं, रंग सरकलेला दिसला की बाजूला काढायचं, एवढंच तिचं काम. मग तेही करणारं यंत्र आलं. मालक तसा भला. म्हणाला, "बाई, कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिका, डिझाइनच्या टेबलावर बसवतो." म्हणून बेबी क्लासला जायला लागली. या वयात! पण करते काय?

क्लास म्हणजे एका अरुंद जिन्यावरची खोली. आत जुने कॉम्प्युटर, खडखडणारा पंखा आणि कोवळी कोवळी पोरं. शिकवणारे सर तिच्या भाच्याच्या वयाचे. ते तिला काकू म्हणायचे आणि ती त्यांना सर म्हणायची, दोघांनाही त्याचं काही वाटायचं नाही. कागदावर पेन्सिल फिरवतात तसं इथे नाही. इथे एक बिंदू ठेवायचा, मग दुसरा, आणि दुसरा ठेवताना जरा ओढायचं, की मधली रेघ वाकते. बेबीला धीर कुठला! तिला वाटायचं, जितके जास्त बिंदू तितकं चित्र हुबेहूब. तिनं पहिलं सफरचंद काढलं त्याला इतके बिंदू दिले की कडेला गाठीच गाठी उठल्या.

"काकू, हे सफरचंद आहे की बटाटा?" सरांनी विचारलं. पोरं फिदीफिदी हसली. बेबीही हसली. "कमी करा," सर म्हणाले. "एकेक बिंदू काढत जा. चित्र ओळखू येईनासं झालं की थांबायचं आणि शेवटचा काढलेला तेवढा परत ठेवायचा."

हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं, कारण घरी नेमकं तेच चाललं होतं. आईचं एकेक निसटत होतं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग वाचता येईनासं झालं, मग स्वतःच्या घरातलं न्हाणीघर सापडेना. भर दुपारी माउली घरभर फिरायची, प्रत्येक दार उघडून बघायची आणि शेवटी व्हायचं ते व्हायचं. मग कोपऱ्यात जाऊन मान खाली घालून उभी राहायची. 

त्याहून वाईट म्हणजे आई बाहेर पडायला लागली. बेबी कामावर गेली की कडी काढायची आणि चालू लागायची. समोरच्या शिंप्याचं लक्ष असायचं म्हणून बरं. तो मशीन सोडून धावायचा, हाताला धरून परत आणायचा. मागच्या दाराला कुलूप असायचंच; एकदा बेबीनं पुढच्या दारालाही बाहेरून कुलूप लावून पाहिलं. संध्याकाळी येऊन बघते तर दार बडवून बडवून आईचे दोन्ही तळहात सुजलेले. त्यानंतर कुलपाचं नाव काढलं नाही.

दादाचं म्हणणं सरळ होतं. दादा म्हणजे बेबीचा थोरला भाऊ, राहायला लांब, सल्ल्याला जवळ. फोनवर म्हणाला, "असल्या माणसांना सांभाळणाऱ्या संस्था असतात. चांगली बघून ठेवलीय मी. आता ती पुन्हा रस्त्यावर सापडली, तर तुझं काही ऐकणार नाही."

"तिला तिथे कोण ओळखीचं आहे?" बेबी म्हणाली.

"आणि इथे ती कुणाला ओळखते?"

यावर बेबीनं फोन ठेवून दिला. दादा खोटं बोलला नव्हता, हीच तर पंचाईत होती.

त्याच सुमाराला सरांनी क्लासला काम दिलं: ज्याला वाचता येत नाही, त्यालाही कळतील अशी चिन्हं काढा. पोरांनी विमानतळ घेतला, खेळाचं मैदान घेतलं. बेबीनं घर घेतलं. स्वतःचंच.

सुरुवात न्हाणीघरापासून. सार्वजनिक ठिकाणी असते तशीच गोल डोक्याची, झग्यातली बाई काढली. सर खूश! तिनं ती छापून दाराला चिकटवली. दुसऱ्या दिवशी आई त्या दारासमोर उभी. पाय एकमेकांवर दाबलेले, चेहरा कासावीस, पण आत जाईना.

"आई, जा ना!"

"अगं, आत बाई आहे," आई हळूच म्हणाली. "तिचं होऊ दे की."

बेबीला आधी हसू फुटलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं. तिनं बाई काढून टाकली. नळ काढला, खाली बादली काढली, नळातून पडणारं पाणी निळं केलं. आई आली, नळाकडे बघितलं आणि सरळ आत गेली. अहाहा! बेबीनं एवढा मोठा श्वास सोडला की जणू परीक्षाच पास झाली. झोपायच्या खोलीवर पलंग आला, स्वयंपाकघरावर पातेलं आलं. आई घरात परत वावरायला लागली.

राहिलं बाहेरचं दार. तिथे बेबीची सगळी विद्या संपली. थांबा म्हणून लाल तळहात काढला. आईनं त्यावर स्वतःचा तळहात ठेवून पाहिला, मापात बसतो म्हणून हसली आणि कडी काढून गेली. मग बेबीला वाटलं, माझाच चेहरा लावावा; मला बघून तरी थांबेल. आरशात बघून तिनं स्वतःला काढलं, चष्म्यासकट, पांढऱ्या केसांसकट. चित्र झकास जमलं. आई त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ही कोण भवानी आमच्या दारात?" म्हणाली, आणि तिला वळसा घालावा तशी दाराच्या एका फटीतून अंग चोरून बाहेर पडली.

त्या दिवशी शिंपी गिऱ्हाइकाचं माप घेत होता. त्याचं लक्ष गेलं तेव्हा एक ट्रक आईपासून हातभर अंतरावर ब्रेक लावून उभा होता आणि ड्रायव्हर तोंडाला येईल ते बोलत होता. आईला खरचटलंही नाही. पण बातमी दादापर्यंत पोचायची ती पोचलीच. त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच बेबीला जास्त भीती वाटली. "रविवारी गाडी घेऊन येतो," तो म्हणाला. "तिचे कपडे भरून ठेव."

बेबी शिंप्याचे आभार मानायला गेली आणि त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसून लहान पोरीसारखी रडली. शिंप्याला काय करावं कळेना. हातातला टेप गुंडाळत, उलगडत तो म्हणाला, "ताई, एक विचारू? तुमच्या घरी लहान मुलगी कोण आहे?"

"लहान? कुणी नाही."

"नाही, आजी रोज तेच सांगतात. बेबी शाळेतून आली नाही अजून, बघायला चाललेय. मी म्हणतो, येईल हो, चला घरी."

बेबीचं रडणं जागच्या जागी थांबलं. इतके दिवस सगळ्यांनी आईला बाहेर जाण्यापासून अडवलं, आणि ती जाते कशाला हे एकानंही विचारलं नव्हतं. पोटच्या पोरीनंसुद्धा नाही!

पेटीच्या तळातून तिनं शाळेतला जुना फोटो काढला. दोन वेण्या, खांद्यावर दप्तर, पुढचा एक दात पडलेला. डाव्या वेणीची रिबीन सुटून लोंबत होती. क्लासमध्ये जाऊन तिनं तो फोटो स्क्रीनवर खाली ठेवला आणि त्यावरून बिंदू टाकत गेली. छापखान्यात रजा टाकली, जेवायचं विसरली. मग एकेक बिंदू काढायला लागली. फोटोतली भिंत गेली, झग्याच्या चुण्या गेल्या, नाकसुद्धा एका छोट्या रेघेवर आलं.

सर मागे येऊन उभे राहिले. "वा, काकू! फक्त ही लोंबणारी रिबीन काढा. चित्राचा तोल जातोय."

"ती राहू दे, सर."

"अहो, डोळा तिथेच जातो."

"जाऊ दे," बेबी म्हणाली. सर दुसऱ्या पोराकडे वळले.

या सॉफ्टवेअरची एक गंमत असते. बोटाएवढं काढलेलं चित्र भिंतीएवढं केलं तरी त्याची कड फुटत नाही. छापखान्यात बेबीनं ते खऱ्या मुलीच्या उंचीचं छापून घेतलं आणि रविवारी आई दुपारची झोपली असताना दाराला आतून चिकटवलं. तिकडे खोलीत आईचे कपडे भरलेली बॅग तयार होतीच.

आई जागी होते तेवढ्यात दादा आला. बॅग उचलून गाडीत ठेवली, परत आला आणि दार लावून घेत म्हणाला, "चल आई, जरा फिरून येऊ."

आई उठली. पदर नीट केला, दाराशी गेली, कडीला हात घातला आणि थबकली. दादा बोलायला गेला तसा बेबीनं त्याचा दंड धरला. आई खाली वाकली. डोळे बारीक करून तिनं त्या पोरीकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. 

"परत रिबीन सोडलीस?" आई म्हणाली. "रोज घट्ट बांधून देते, आणि रोज लोंबत येते! कुठे उंडारत होतीस इतका वेळ? जीव टांगणीला लागला होता माझा."

बोटांनी ती कागदावरची रिबीन बांधू लागली. जमेना, तरी बांधत राहिली. मग म्हणाली, "कुठे जायचं नाही आता. पोर आत्ता आलीय." आणि तिथेच खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसली.

दादानं बरीच वाट पाहिली. दोनदा हाक मारली. आईनं ओठावर बोट ठेवून त्यालाच गप्प केलं. शेवटी मागच्या दाराचं कुलूप काढून तो तिकडून गेला आणि गाडीतून बॅग घेऊन मागच्याच दारानं आला. बॅग खाली ठेवून म्हणाला, "राहू दे."  जाताना त्यानं बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं.

जिंकली बेबी! आई घरात राहिली. संध्याकाळ होत आली तशी बेबीनं दिवा लावला, चहा केला, कप आईच्या हातात दिला आणि तिच्या पायाशी बसली. वाटलं, आता तरी एकदा आपल्याकडे बघेल.

आईनं बघितलं. चहाचा घोट घेतला. मायेनं म्हणाली, "बाई, तुमचे फार उपकार झाले हो. पण आता निघा तुम्ही. अंधार पडायला लागला. तुमची आई वाट बघत असेल."

 बेबी म्हणाली, "हो, निघतेच," आणि उठून रिकामा कप घेऊन स्वयंपाकघरात गेली.