फाटकवाल्याचा सिनेमा

विनय टोणपे जबलपूरजवळच्या रांझीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाला, पण त्याची खरी नोकरी सिनेमाचीच, असं त्याची बायको शैलजा म्हणायची. वयाच्या सोळाव्या वर्षापासून पाहिलेला प्रत्येक सिनेमा त्याने वहीत उतरवून ठेवला होता. तारीख, टॉकीज, सोबत कोण होतं, शेवट कसा झाला, सगळं. जबलपूरच्या मराठी मंडळींत सिनेमावरून वाद झाला की निकाल विनयचा. त्याला ते आवडायचं, जरा जास्तच.

रविवारी सकाळी कारखान्याजवळच्या चहाच्या टपरीवर तिघं जमत. विनय, निवृत्त मास्तर बापूसाहेब आणि चेरीतालहून बसने येणारा आलोक खांडवे. आलोक विनयच्याच कारखान्यातला, सत्त्याऐंशी साली कटनीहून बदलून आलेला. बोलणं कमी. एक मुलगा, तो पुण्यात नोकरीला.

यंदा महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेत ऐंशीच्या दशकातल्या दहा उत्तम सिनेमांवर लेख द्यायचं विनयने कबूल केलं आणि टपरीवरच्या गप्पांना धार आली. नऊ नावं दोन रविवारांत ठरली. दहाव्यावर गाडी अडली. आलोकचं म्हणणं एकच, फाटकवाल्याचा सिनेमा पहिल्या नंबरावर पाहिजे.

तो सिनेमा विनयला अजिबात आवडत नसे. आडगावच्या रेल्वे फाटकावरचा म्हातारा, त्याची सून, चार रडकी गाणी. टॉकीजमध्ये दोन आठवडेही टिकला नव्हता. आलोकला विचारलं की तो एवढंच म्हणे, "चांगला आहे. सुरुवातीला तो नातवाला खांद्यावर घेऊन सिग्नल दाखवतो, ते बघ."

प्रत्येक वेळी सुरुवातच. विनयला शंका आली. तिसऱ्या रविवारी त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "आणि शेवटी तो कंदील रुळावर आपटून फोडतो, तो सीन कसा वाटला तुला?"

आलोकने चहाचा घोट घेतला. "छान आहे," तो म्हणाला. "फार छान."

"असा सीनच नाही त्यात. कंदील कोणी फोडत नाही. तू सिनेमा पाहिलाच नाहीस. मग काहून खोटं बोलून राहिला?"

टपरीवाल्यासकट सगळे हसले. बापूसाहेबसुद्धा. आलोकने उरलेला चहा संपवला, कप धुवायच्या बादलीशेजारी नीट ठेवला आणि बस पकडायला निघून गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. विनयने मनावर घेतलं नाही. उलट लेखाच्या शेवटी एक परिच्छेद जोडला. आपल्यातलेच एक थोर रसिक न पाहिलेल्या सिनेमाला पहिला नंबर देतात, कारण शेवट माहीत नसला की प्रत्येक सिनेमा चांगलाच असतो. नाव दिलं नव्हतं, द्यायची गरजही नव्हती. स्मरणिकेच्या तीनशे प्रती घरोघर गेल्या आणि विनयला चार दिवस शाबासकीचे फोन येत राहिले.

पाचव्या दिवशी दुपारी आलोकची बायको नर्मदा आली. हातात स्मरणिका होती. शैलजाने पुढे केलेलं पाणी तिने घेतलं नाही.

"भाऊजी, तुमचं खरं आहे," ती म्हणाली. "आम्ही तो सिनेमा अर्धाच पाहिला."

मग तिने शांतपणे सांगितलं. कटनीला असताना त्यांना एक मुलगी होती, अडीच वर्षांची. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं एकटे सिनेमाला गेले होते. मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. आलोकने टॉकीजमध्ये तिच्यासाठी शेंगदाण्याची पुडी घेऊन खिशात ठेवली होती. इंटरवलला पडद्यावर जाहिरातींच्या स्लाइडच्या काचा लागल्या, त्यांत एक हाताने लिहिलेली लागली. आलोक खांडवे, ताबडतोब बाहेर या. बाहेर शेजारचा माणूस सायकल धरून उभा होता. मुलगी अंगणातल्या हौदात पडली होती. ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

"बदली त्यांनी मागून घेतली. इथे कोणाला सांगायचं नाही म्हणाले, मी नाही सांगितलं. मुलालाही माहीत नाही." तिने हातातली स्मरणिका मिटली. "तो दीड तास आम्ही लई हसलो होतो, भाऊजी. म्हणून ते त्याला नंबर देत होते."

ती गेल्यावर शैलजाने तो पाण्याचा पेला मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी विनय चेरीतालला गेला. आलोक ओसरीवर पेपर वाचत होता. त्याने खुर्ची पुढे सरकवली. विनयने वाटेत जुळवलेली वाक्यं एकेक करून डोक्यातून निसटली. शेवटी तो म्हणाला, की मंडळाकडून दुरुस्ती छापून घेतो, सगळ्यांना खरं काय ते सांगतो.

"काय सांगशील?" आलोक म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच विनयला सोसेना. "लोक घरी येतील. नर्मदेला पुन्हा सगळं सांगत बसावं लागेल. राहू दे. मला खोटारडा म्हणू दे त्यांना."

"मला माहीत नव्हतं, आलोक."

"तू विचारलं नव्हतं. तू परीक्षा घेतली."

उठताना विनयने धीर करून विचारलं, सिनेमाचा उरलेला भाग सांगू का. आलोकने नकारार्थी मान हलवली. टीव्हीवर लागला की तो उठून बाहेर जातो, असं म्हणाला. त्याला तो तेवढाच हवा होता.

आलोक टपरीवर परत आला नाही. बापूसाहेबांनी कारण विचारलं तेव्हा विनयने तब्येतीचं निमित्त सांगितलं. काही दिवसांनी त्याने स्वतःही तिथे जाणं सोडलं. मंडळात भेटलेले लोक अजून हसत विचारतात, तुमचे ते न पाहिलेल्या सिनेमावाले रसिक कसे आहेत, आणि विनयला ते ऐकून घ्यावं लागतं.

महिन्यातून एकदा तो चेरीतालला जातो. बीपीच्या गोळ्या, नळाचं पाणी, पुण्याच्या मुलाची बदली असलं काहीबाही बोलणं होतं. नर्मदा चहा देते आणि आत निघून जाते.