खालचा पेंढा

वर्षभराच्या जनावराला आमच्याकडे कोणी विचारत नाही. वासरू असतं तोवर त्याला आईचं दूध असतं, पोरं त्याच्या गळ्यात घुंगरू बांधतात, वसुबारसेला त्याच्या कपाळाला कुंकू लागतं. पुढे गाय होऊन व्याली की पेंड, भुसा, डॉक्टर, सगळं तिच्या दिमतीला. मधल्या काळात मात्र ते जनावर नुसतं दाव्याला उभं असतं आणि उरलंसुरलं खातं. चांदीपच्या आमच्या गोठ्यात तर हा नियमच होता. उडवीतला, म्हणजे पेंढ्याच्या गंजीतला, वरचा, पिवळा, खडखडीत पेंढा दुभत्या गाईंना आणि बुडातला, जमिनीलगतचा, कालवडींना. वडील तसं करत, म्हणून मीही करत आलो.

त्या वर्षी गोठ्यात दोन गाई आणि दोन कालवडी होत्या, एक तांबडी आणि एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची बांडी. तांबडीची आई आता म्हातारी झाली होती. तिच्या जागी तांबडीच उभी राहणार, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. विरारच्या बिल्डिंगींमध्ये सकाळी दूध घालायला जायचो तेव्हा गिऱ्हाइकांनाही सांगायचो, की थांबा, दोन वर्षांत या गाईच्या लेकीचं दूध पाजतो.

दिवाळीच्या तोंडावर भात कापून शेतात पसरलं आणि पाऊस आला. दोन दिवस पडला. मग जेमतेम दीड दिवस ऊन मिळालं. झोडणी उरकतो तोच आभाळ पुन्हा भरून आलं, म्हणून मी घाईनं उडवी रचायला घेतली. उडवी रचण्यात माझा हात कोणी धरत नाही, असं मीच गावभर सांगत असतो. बायको शेजारी उभी होती. तिनं पेंढ्याची मूठ उचलून नाकाशी नेली आणि म्हणाली, "यात पानी गेलंय. अजून एक दिस पसरू द्या."

मी तिच्यावर खेकसलो. तू या घरात यायच्या आधीपासून मी उडव्या रचतोय, असं काहीतरी बोललो. तिनं मूठ खाली टाकली आणि पेंढा उचलून माझ्या हातात द्यायला लागली. इतक्या वर्षांच्या संसारात तिला एक गोष्ट पक्की कळली आहे, ती म्हणजे माझं चुकत असलं की माझा आवाज चढतो.

पौषात थंडी पडली. तुंगारेश्वरच्या डोंगराकडून सकाळी असा गारठा उतरतो की गोठ्यात उबेसाठी धूर करावा लागतो. गाईंसाठी मी शिडी लावून वरचा पेंढा काढायचो आणि कालवडींसाठी उडवीच्या बुडात हात घालून ओढायचो. ओढला की काळी भुकटी उडायची, मला शिंका यायच्या. मी तो दोनदा झटकायचो आणि त्यांच्या पुढ्यात टाकायचो. दुसरं काही नसल्यामुळे त्या खायच्या.

पहिल्यांदा तांबडी लंगडायला लागली. खुरात खडा गेला असेल म्हणून मी पाय धुऊन हळद-तेल लावलं. दोन दिवसांनी बांडीच्या शेपटीचं टोक हाताला लागलं, ते वाळक्या काटकीगत कडक झालं होतं. तांबडीच्या कानांच्या कडा काळ्या पडल्या होत्या आणि मागचे पाय खुरांच्या वर थंडगार लागत होते. तेव्हा कुठे मी डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कालवडींना बघितलं आणि मग त्या खातात तो पेंढा मागितला. मूठभर तळहातावर चोळला, वास घेतला. गाईंनाही हाच घालता का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, त्यांना वरचा. त्यांनी मान हलवली. बुरशीचं विष आहे, हा पेंढा आजपासून बंद, एवढंच म्हणून ते इंजेक्शन भरायला लागले. बायको दाराशी उभी होती. मी सांगितलं होतं, असं ती म्हणेल याची मी वाट बघत होतो. ती चुलीवर पाणी ठेवायला गेली.

बांडी वाचली. तिची शेपटी टोकाकडून गळून पडली, बाकी ती सावरली. तांबडीची मागची खुरं मात्र सुटत गेली आणि एका दुपारी ती बसली ती उठलीच नाही. आम्ही दोघं दिवसातून चारदा गोणपाट घालून तिची कूस बदलायचो, कोमट पाण्यानं पाय शेकायचो. मी ओढ्याकाठी जाऊन हिरवं गवत कापून आणायचो. उडवीचं सगळं बूड मी उकरून शेतात नेऊन जाळलं. ओलं असल्यामुळे ते दिवसभर धुमसत होतं.

असंच एकदा कूस बदलून झाल्यावर मी दमून म्हणालो, नशीब तिचं, आपण तरी काय करणार.

बायको गोणपाट झटकत होती. ती थांबली. "नशीब कशाला म्हनता? पुढ्यात आलं ते तिनं खाल्लं. तुमाला वास आला होता."

मी तिला हे कधीच सांगितलं नव्हतं. पण ते खरं होतं. उडवी रचताना मलाही वास आला होता, तिनं मूठ नाकाशी न्यायच्या आधी. आणि तेव्हाच मनात येऊन गेलं होतं, की असू दे, खालचा तर कालवडींनाच जातो. अडाणीपणानं चुकलो असतो तर आज इतकी लाज वाटली नसती.

बसल्यापासून बाराव्या दिवशी दुपारी तांबडी गेली. बांधाच्या पलीकडे खड्डा खणून तिला पुरलं.

त्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळ हिरव्या गवताचा घास घेऊन गेलो होतो. तिच्यात चावण्याचीही ताकद उरली नव्हती. रोज तिला तो काळा पेंढा घालणारा हात हाच होता. एकदा तरी तिनं मान फिरवावी असं मला फार वाटत होतं, मी त्याच लायकीचा होतो. तिनं माझा हात हुंगला आणि तोंड उघडलं.