पुसलेली उडी

खण आवरताना आलेखातल्या वळणदार रेघा काढायची फ्रेंच कर्व्हची हिरवी पट्टी हाती आली आणि तोंड कडू झालं. चंद्रपूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी, आवाजापेक्षा वेगानं जाणाऱ्या विमानाभोवती हवा कशी वाहते याचं गणित मी कॉम्प्युटरवर सोडवलं होतं. विमानाच्या नाकापुढे हवेचा दाब एकदम उडी मारत होता. मार्गदर्शक सर आलेख पाहून हसले. "एकदम एवढा काऊन वाढला? हवा काय भिंतीले धडकून राह्यली का बे? चुकलं तुझं. रेघ गुळगुळीत कर." बल्लारपूरला घरी, खिडकीतून पेपर मिलचा कुजकट वास येत असताना, मी हीच पट्टी लावून ती उडी पुसली आणि सुबक वळण काढलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच वळणावर बोट ठेवलं. "इथे दाबाची उडी हवी. कुठे गेली?" सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला तर यानं हेच दाखवलं." खरा प्रिंटआउट माझ्या पायाशी पिशवीत होता. मी वाकलोसुद्धा नाही. "चुकलं सर," एवढंच म्हणालो. आता मीच मार्गदर्शक आहे. परवा एका मुलीचा वेडावाकडा आलेख पाहून, एकही आकडा न तपासता मी म्हणालो, "असं नसतं बाई, रेघ नीट कर." ती "हो सर" म्हणाली.